ग्रीक पुराणकथांतल्या जागा: कुठे होत्या, कशा होत्या, कोणी पाहिल्यात?

अनवट_वाट

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं खूप दिवस मनात होतं, आज रविवार आहे, पोरं आजोळी गेलीयेत, तर सविस्तर लिहिते.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं ग्रीसला गेलो होतो. अथेन्स, डेल्फी सगळे करतात ते झालं आणि हाताशी चार दिवस उरले म्हणून वायव्येकडच्या एपिरस भागात गेलो. तिथे ग्लिकी म्हणून छोटंसं गाव आहे. गावाबाहेर चिनाराची मोठमोठी झाडं आणि त्यांच्याखालून हिरवट निळं, तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी. चपला हातात घेऊन उतरलो तर पाणी असलं गार की पोटऱ्या बधिर झाल्या. पुढे दोन्ही बाजूंचे कडे जवळ जवळ येत जातात आणि वेगळी वाट नाहीच, नदीतूनच चालायचं. लहान मुलं किंचाळतायत, राफ्टवाले गिऱ्हाईक बोलावतायत, आणि नदीचं नाव काय, तर अ‍ॅकेरॉन! मेलेल्यांची नदी. कॉलेजात होमरच्या ओडिसी या महाकाव्याचा अनुवाद वाचला तेव्हापासून ही नदी माझ्या डोक्यात काळी, संथ, धुक्यातली अशी होती आणि इथे ती माझ्या घोट्याभोवती खळखळत होती. पाच मिनिटं मला काही बोलायलाच सुचेना.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय ती इथे मांडते. आपण काल्पनिक जागा म्हणतो म्हणजे कुठेच नसलेली जागा असं धरून चालतो. ग्रीकांचं तसं नव्हतं असं मला वाटतं. त्यांच्या पुराणातल्या बहुतेक जागांना पत्ता होता. अमुक वाऱ्यावर शीड सोड, एक दिवस जा, जिथे दोन नद्या तिसरीला मिळतात तो खडक शोध, असा. ओडिसीत सर्सी ही जादूगारीण कथानायक ओडिसियसला मेलेल्यांच्या मुलखाचा रस्ता असाच सांगते. उत्तरेचा वारा तुला नेईल, जगाभोवतीचा ओशनस समुद्र ओलांड, मेलेल्यांची राणी पर्सेफोनी हिच्या राईत उंच पॉप्लर आणि वाळुंज दिसतील, तिथे हातभर लांब हातभर रुंद खड्डा खण. त्यात आधी दूध-मध, मग गोड वाइन, मग पाणी, वरून जवाचं पीठ. मग मेंढ्यांचं रक्त. ते रक्त प्यायल्याशिवाय मेलेल्यांना ओळख पटत नाही, बोलता येत नाही. त्याची स्वतःची आई समोर येऊन बसते आणि मुलाला ओळखत नाही. रक्त प्यायल्यावर ओळखते, सांगते की तुझीच वाट बघत गेले. तो तिला तीनदा मिठी मारायला जातो आणि तिन्ही वेळा ती सावलीसारखी हातातून निसटते. मी हा भाग आजही सलग वाचू शकत नाही.

आता ग्रीक इतिहासकार हिरोडोटस बघा. त्याच्याकडे हीच नदी एकदम व्यवहारातली होऊन येते. कॉरिंथचा हुकूमशहा पेरिअँडर, याच्याकडे एका पाहुण्याने काही ठेव ठेवलेली असते आणि ती कुठे ठेवली ते फक्त बायकोला, मेलिसाला माहीत, आणि ती तर मेलेली, तीही ह्याच्याच हातून. मग हा अ‍ॅकेरॉनकाठी माणसं पाठवतो, मेलेल्यांकडून कौल घ्यायला. मेलिसा येते आणि म्हणते, नाही सांगणार. मला थंडी वाजतेय, अंगावर कपडा नाही, माझ्याबरोबर पुरलेत पण जाळले नाहीत त्यामुळे ते माझ्यापर्यंत आलेच नाहीत. पेरिअँडर काय करतो, तर कॉरिंथच्या सगळ्या बायकांना हेराच्या देवळात बोलावतो. त्या बिचाऱ्या सणाला यावं तशा ठेवणीतलं नेसून येतात, आणि हा मालकीण-दासी न बघता सगळ्यांचे कपडे उतरवून खड्ड्यात जाळतो, मेलिसाच्या नावाने. मग ती ठेवीची जागा सांगते.

ग्लिकीहून नदी खाली समुद्राकडे जाते तिथे मेसोपोटामोस गावाच्या टेकडीवर कौलाची ती जागा आहे. सोतिरिस डाकारिस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने १९५८ पासून तिथे खोदकाम केलं. जाड भिंती, वळणावळणाचे अरुंद बोळ, आणि खाली जमिनीत कमानींची खोली. लोखंडी जिन्याने खाली उतरलं की वरचा आवाज एकदम बंद. पायथ्याशी पूर्वी अ‍ॅकेरुसिया तळं होतं, विसाव्या शतकात त्याचं पाणी काढून टाकलं, आता तिथे शेती आहे.

तर विनंती अशी की तुम्हाला माहीत असलेल्या, पाहिलेल्या अशा जागा इथे लिहा. नुसती नावं नकोत, ती कथा त्याच जागी का चिकटली तेही लिहा.

समीर_डोंबिवली

मस्त धागा. वाचनखूण साठवली. मेलिसाची गोष्ट माहीत नव्हती, अंगावर काटा आला.

जुनी_खापरं

ताई, लेख फार आवडला, पण मेसोपोटामोसबद्दल एक दुरुस्ती करावीशी वाटते. मी या विषयाचा विद्यार्थी आहे म्हणून राहवत नाही. डाकारिस यांना तिथे लोखंडाचे आणि ब्राँझचे जळके तुकडे सापडले होते, ते भुतं वरून खाली सोडायच्या यंत्राचे असावेत असं त्यांनी मांडलं. पुढे डिटवुल्फ बाट्झ या जर्मन अभ्यासकाने तेच तुकडे पुन्हा तपासले आणि दाखवून दिलं की ते कॅटापुल्टचे भाग आहेत, म्हणजे दगड किंवा बाण फेकायच्या लढाईच्या यंत्राचे. शिवाय धान्याचे रांजण आहेत, शेतीची अवजारं आहेत. आणि इमारतीचं वय बघा, ती हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या काळातली आहे, पेरिअँडर त्याच्या कित्येक पिढ्या आधीचा, इ.स.पू. ६०० च्या आसपासचा. त्यामुळे आज बरेच जण ती तटबंदीची गढी मानतात, जी रोमनांनी इ.स.पू. १६७ च्या सुमाराला जाळली. जमिनीखालची खोली बहुधा साठवणीची.

कौलाची जागा त्या परिसरात होती याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही, हिरोडोटस स्पष्ट सांगतो. फक्त ती ही इमारत नसावी.

अनवट_वाट

जुनी_खापरं, मनापासून आभार. तिथल्या माहितीफलकावरून आणि गाइडच्या बोलण्यावरून मी लिहिलं. खरं सांगते, वाचून आधी वाईट वाटलं, त्या खोलीत मी बराच वेळ डोळे मिटून उभी होते. पण मग वाटलं की नदी तर तीच आहे ना. आणि गढीत कोठार बांधणाऱ्यालाही रात्री खालून नदीचा आवाज येत असेल, तिचं नाव त्यालाही माहीत असेलच. मूळ लेख तसाच ठेवते म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ लागेल.

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत आहे, २२ वर्षं झाली. यातल्या दोन जागांतून कितीदा गेलोय त्याचा हिशोब नाही, त्याबद्दल लिहितो.

पहिली बॉस्फरस. जेसन आणि अर्गो जहाजाच्या कथेत एकमेकांवर आदळणारे खडक आहेत ना, सिम्प्लेगाडीस, ते काळ्या समुद्राच्या तोंडाशी. आंधळा फिनियस त्यांना युक्ती सांगतो, आधी एक कबुतर सोडा, ते पार झालं तर वल्ही मारा. कबुतराची शेपटीची पिसं तेवढी जातात, अर्गोचं मागचं टोक तेवढं तुटतं, आणि मग खडक कायमचे थांबतात. आज इस्तंबूलच्या वर रुमेली फेनेरी गावाच्या धक्क्याला लागून काळे खडक आहेत, तेच ते असं जुन्या काळापासून मानतात.

आता जहाजी माणूस म्हणून सांगतो. बॉस्फरस सर्वांत अरुंद जागी ७०० मीटरच्या आसपास आहे, त्यात जवळजवळ काटकोनात वळणं, वरचा प्रवाह काळ्या समुद्राकडून जोरात खाली येतो आणि खोलवर दुसरा प्रवाह बरोब्बर उलट दिशेने जातो. धुकं असेल तर समोरचा किनारा सरकत अंगावर येतोय असं वाटतं, अगदी आजच्या रडारच्या काळातही जहाजाच्या ब्रिजवर कोणी बोलत नाही. वल्ह्यांच्या बोटीतून प्रवाहाच्या विरुद्ध जाणाऱ्या माणसाला खडक हलतायत असं वाटलं असेल तर त्याने डोळ्यांना दिसलं तेच सांगितलं, असं मी म्हणेन.

दुसरी मेसिनाची सामुद्रधुनी, इटलीचं बोट आणि सिसिली यांच्या मधली. तिथे स्किला आणि करिब्डिस. स्किला सहा डोक्यांची, कड्यातल्या गुहेतून ओडिसियसची सहा माणसं उचलते. करिब्डिस दिवसातून तीनदा समुद्र गिळते आणि ओकते. कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर आजही शिला नावाचं गाव आहे, कडा आहे, त्यावर किल्ला आहे. आणि भोवरे खरंच आहेत. दोन बाजूंच्या दोन समुद्रांची भरती-ओहोटी एकमेकांच्या उलट चालते त्यामुळे दर सहा तासांनी प्रवाह फिरतो. मोठ्या जहाजाला त्याचं काही नाही पण लहान बोटी आजही जपून जातात. होमरने तीनदा म्हटलंय, खरं तर दिवसाला चार वेळा प्रवाह फिरतो, पण जवळपास बरोबरच की.

मंजिरी_क

दर्यावर्दी, काय सुंदर लिहिलंत! "ब्रिजवर कोणी बोलत नाही" हे वाक्य डोक्यातून जात नाहीये.

जुनी_खापरं

प्रतिसाद छानच, पण यावर प्राचीन काळीच मोठा वाद झाला होता तोही सांगायला हवा. इरॅटोस्थेनिस, पृथ्वीचा घेर मोजणारा, त्याचं म्हणणं होतं की होमरच्या जागा नकाशावर शोधू नका. त्याचं वाक्य भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवून ठेवलंय, की ओडिसियसला मिळालेली वाऱ्यांची पिशवी शिवणारा चांभार सापडेल त्या दिवशी ओडिसियस कुठे कुठे भटकला तेही सापडेल. स्ट्रॅबोला ते पटत नाही, तो म्हणतो होमरने खऱ्या जागा घेतल्या आणि त्यांवर कथा चढवली. म्हणजे हा धागा दोन हजार वर्षं चालूच आहे.

आणि गावंही यात मागे नव्हती. इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो की कॉर्फूचे लोक स्वतःच्या आरमाराचा अभिमान सांगताना म्हणायचे, आमच्या बेटावर पूर्वी फिएशियन राहायचे. ओडिसियसला घरी पोचवणारे ते पुराणातले फिएशियन.

मृण्मयी

मी स्टिक्स या पाताळातल्या नदीबद्दल लिहिते, कारण मला ती सगळ्यात जास्त भावते.

देव शपथ घेतात ती स्टिक्सची. हेसिअड या प्राचीन कवीने सविस्तर वर्णन केलंय. देवांत भांडण झालं की देवांचा राजा झ्यूस आपल्या दूतीला, आयरिसला सोन्याचा गडू देऊन पाठवतो, ती उंच कड्यावरून पडणारं ते गार पाणी आणते. ते पाणी ओतून जो देव खोटी शपथ घेईल तो पूर्ण एक वर्ष श्वास न घेता, अमृतान्न न खाता, बिछान्यावर निपचित पडून राहतो. आणि त्यानंतर नऊ वर्षं देवांच्या सभेत, पंगतीत त्याला जागा नाही. दहाव्या वर्षी परत घेतात. मरण नसलेल्यांना शिक्षा काय द्यायची याचा इतका बारीक विचार मी दुसरीकडे वाचला नाही. ते मरू शकत नाहीत म्हणून त्यांना मरणाची नदी साक्षीला.

आणि तिलाही पत्ता आहे! पेलोपोनीजमध्ये खेल्मोस डोंगर, २३५५ मीटर उंच. त्याच्या सरळसोट कड्यावरून पाण्याची एक बारीक धार पडते, तिथले लोक तिला माव्रोनेरी म्हणतात, म्हणजे काळं पाणी. हिरोडोटसच्या वेळी तिथे थोडंसं पाणी खडकातून ठिबकत खळग्यात पडायचं आणि भोवती दगडी कठडा होता. स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस आर्केडियाच्या पुढाऱ्यांना तिथे नेऊन त्या पाण्यावर शपथ घ्यायला लावायच्या खटपटीत होता. म्हणजे देवांची शपथ माणसांनीही वापरायला घेतली.

पॉसेनियस हा प्रवासी लेखक दुसऱ्या शतकात त्या भागात फिरला, त्याने लिहिलंय की हे पाणी काच फोडतं, मातीची भांडी फोडतं, लोखंड, ब्राँझ, अगदी सोनंसुद्धा खातं, फक्त घोड्याच्या खुरात ते राहतं. अलेक्झांडरला याच पाण्याने मारलं अशी वदंताही होती. विषाचं खरं-खोटं बाजूला ठेवू, पण एवढ्या उंच, उघड्या, थंड कड्यावरून पडणारं पाणी खाली पोचेपर्यंत नुसते तुषार होतं आणि खडकावर काळा ओला पट्टा राहतो. फोटो बघा कोणीतरी, लगेच कळेल काळं पाणी का म्हणतात.

समीर_डोंबिवली

अटलांटिस राहिलं की! ते सँटोरिनी बेट म्हणजेच अटलांटिस ना? डॉक्युमेंटरीत तसंच सांगितलं होतं.

जुनी_खापरं

समीर, याला जरा लांब उत्तर देतो.

अटलांटिस बाकीच्या जागांसारखी नाही. अ‍ॅकेरॉन, स्टिक्स या गावोगावच्या लोकांच्या तोंडी असलेल्या जागा. अटलांटिस फक्त प्लेटोकडून येते, इ.स.पू. ३६० च्या आसपासच्या दोन संवादांत, टिमियस आणि क्रिटियस. त्याआधी कोणी तिचं नाव घेतलेलं आपल्याला सापडत नाही. प्लेटो सांगतो की अथेन्सच्या सोलोन या कायदेकर्त्याला इजिप्तमध्ये साइस शहरातल्या पुजाऱ्याने ही हकीकत सांगितली, ९००० वर्षांपूर्वीची. हेराक्लिसच्या खांबांपलीकडे (म्हणजे जिब्राल्टरपलीकडे) बेट, लिबिया (तेव्हाचं आफ्रिकेचं नाव) आणि आशिया मिळून होईल त्याहून मोठं, मधे टेकडी, भोवती पाण्याची आणि जमिनीची गोल कडी एकाआड एक, भिंतींवर ओरिखाल्कम धातूचा मुलामा. मग माज, मग अथेन्सकडून हार, आणि एका दिवसात नि एका रात्रीत सगळं समुद्रात. क्रिटियस तर मधेच तुटतो. झ्यूस सगळ्या देवांना बोलावतो, बोलायला लागतो, आणि पुढे काहीच नाही.

सँटोरिनीचा स्फोट खराच, इ.स.पू. १६०० च्या आगेमागे, प्रचंड. स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी १९६७ पासून तिथे अक्रोतिरी गाव राखेखालून काढलं, भित्तिचित्रं बघण्यासारखी आहेत. पण प्लेटोचा काळ, जागा, आकार, काहीच त्याच्याशी जुळत नाही, सगळं दहाने भागा, समुद्र बदला असं करत बसावं लागतं.

मला स्वतःला दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. इ.स.पू. ३७३ च्या हिवाळ्यात, कॉरिंथच्या आखाताच्या दक्षिण काठावरचं हेलिके शहर एका रात्रीत भूकंपाने आणि पाठोपाठ आलेल्या समुद्राने गिळलं. समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत होतं ते. माणसं वाचली नाहीत. आणि तिथलं मुख्य दैवत कोण, तर पोसायडन, अटलांटिसचाही कुलदेव तोच! प्लेटो तेव्हा पंचावन्नच्या घरात होता. ही बातमी अथेन्समध्ये कशी पोचली असेल, लोक काय बोलले असतील याची कल्पना करा. कित्येक वर्षांनंतरही होडीवाले इरॅटोस्थेनिसला सांगत होते की पाण्याखाली पोसायडनचा ब्राँझचा पुतळा उभाच आहे, हातात समुद्रघोडा, आणि कोळ्यांची जाळी त्यात अडकतात. २००१ मध्ये डोरा कात्सोनोपुलू आणि स्टीव्हन सोटर यांच्या चमूला हेलिकेचे अवशेष सापडले, आणि तेही समुद्रात नाही, आत जमिनीखाली, जुन्या खाजणाच्या गाळात.

प्लेटोने हेलिकेवरूनच लिहिलं असा माझा दावा नाही. पण शहर एका रात्रीत बुडतं हे त्याला कल्पनेने शोधावं लागलं नव्हतं.

समीर_डोंबिवली

बाप रे. जाळी अडकायची हे वाचून थांबलो. हेलिकेचं नावही कधी ऐकलं नव्हतं. धन्यवाद सर.

सई_नि_सूत

मी विणकामाच्या नादाने एका जागेपर्यंत पोचले, हायपरबोरिया. उत्तरेच्या वाऱ्याच्या, बोरियसच्याही पलीकडचा देश. तिथे आजार नाही, म्हातारपण नाही, अपोलो हिवाळ्यात तिकडे राहायला जातो. पिंडार कवी म्हणतो तिथला रस्ता ना जहाजाने सापडेल ना पायी.

पण हिरोडोटस सांगतो की तिथून पार्सल यायचं! गव्हाच्या काडात गुंडाळलेला नैवेद्य. हायपरबोरियन तो शेजाऱ्यांना देणार, ते सिथियनांना, मग एकेक टोळी पुढच्या टोळीला, पार पश्चिमेला एड्रिआटिकपर्यंत, तिथून दक्षिणेला डोडोना, मग युबिया, मग टेनोस आणि शेवटी अपोलोचं डेलोस बेट. आधी म्हणे दोन मुली स्वतः घेऊन आल्या होत्या, हायपेरोखी आणि लाओडिकी, बरोबर पाच पुरुष. त्या परत गेल्याच नाहीत, डेलोसलाच वारल्या. तेव्हापासून तिकडचे लोक माणसं पाठवायला घाबरले आणि नुसती गाठोडी हातोहात पाठवायला लागले.

आणि आता मी इथे का लिहितेय ते. डेलोसच्या मुली लग्नाआधी केसांची एक बट कापायच्या, ती चातीवर गुंडाळायच्या आणि या दोघींच्या समाधीवर ठेवायच्या. समाधी आर्टेमिस देवीच्या आवारात शिरताना डाव्या हाताला, वर ऑलिव्हचं झाड. मुलगे आपले केस हिरव्या काडीला गुंडाळून ठेवायचे. मी स्वतः टकळीवर सूत काढते, त्यामुळे चातीवर केसांची बट कशी बसेल ते मला बोटांना कळतं. सुटी सुटी, निसरडी, पीळ धरत नाही, पुन्हा पुन्हा घट्ट करावी लागेल. माहेर सोडायच्या आदल्या दिवशी, घरी परत न गेलेल्या दोन मुलींसाठी त्या हे करत होत्या. देश खरा की खोटा ते मला माहीत नाही पण त्या बटा खऱ्या होत्या.

मंजिरी_क

सई, डोळ्यांत पाणी आलं गं.

गोदाकाठ

मी पैठणचा, त्यामुळे एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुण्यात्म्यांची बेटं म्हणून ग्रीकांची एक जागा होती, ओशनसमध्ये, पार पश्चिमेला. हेसिअड म्हणतो तिथे जमीन वर्षातून तीनदा पिकते, लढाईत गेलेल्या वीरांपैकी काही जण तिथे सुखात राहतात. पुढे खलाशी अटलांटिक महासागरात उतरले आणि त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यापलीकडे खरोखरची हिरवी बेटं दिसली, म्हणजे आजची कॅनरी, मदेरा वगैरे. लगेच नाव चिकटलं. चरित्रकार प्लुटार्कने लिहिलंय की सर्टोरियस हा रोमन सेनानी यादवी युद्धाने थकलेला असताना त्याला स्पेनच्या किनाऱ्यावर तिकडून आलेले खलाशी भेटले. हलका पाऊस, मऊ वारा, न पेरता फळं, असं त्यांनी वर्णन केलं आणि त्याला तिथे जाऊन शांतपणे राहायची विलक्षण ओढ लागली. पण बरोबरच्या चाच्यांना लूट हवी होती, शांती नको होती. ते निघून गेले आणि याचं राहूनच गेलं.

आता पुढचं. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने जगाचा भूगोल लिहिला, त्यात प्रत्येक गावाचे रेखांश-अक्षांश दिले. रेखांश मोजायला सुरुवात कुठून करायची? ज्ञात जगाच्या पश्चिम टोकापासून, म्हणजे याच पुण्यात्म्यांच्या बेटांपासून! आणि त्या यादीत बैठाण आहे, सिरी पोलेमाइओसची राजधानी. हे म्हणजे आपलं पैठण आणि सातवाहन राजा पुळुमावी. आमच्या गावाची जगाच्या नकाशावरची जी पहिली मोजलेली जागा आहे ती ग्रीकांच्या स्वर्गापासून मोजलेली आहे. नाथांच्या वाड्यापासून घाटावर उतरताना मला हे दर वेळी आठवतं.

अनवट_वाट

गोदाकाठ, हे वाचून मी उठून घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. धागा काढल्याचं सार्थक झालं.

यावरून एक आठवलं. ओडिसीत स्वर्ग कोणाला मिळतो माहितीये? मेनेलाऊसला. समुद्रातला म्हातारा प्रोटियस त्याला सांगतो, तू मरणार नाहीस, देव तुला पृथ्वीच्या टोकाला इलिसियमच्या माळावर पाठवतील, तिथे बर्फ नाही, वादळ नाही, कायम पश्चिमेची झुळूक. कारण? तू हेलनचा नवरा म्हणून झ्यूसचा जावई आहेस. बस, एवढंच. पुण्याचा काही संबंध नाही. आणि अकिलिससारखा वीर खाली अंधारात बसून म्हणतो, इथे सगळ्या मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा वर एखाद्या भूमिहीन गरिबाच्या घरी मजुरी करेन. पिंडारपर्यंत येता येता मात्र तीन-तीन जन्म चांगलं वागलेल्यांना त्या बेटांवर प्रवेश मिळायला लागतो. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी विचारलं असणार ना, की जावयालाच का?

दर्यावर्दी

अकिलिसचं नाव निघालं म्हणून. काही कवींनी त्याला त्या अंधारात ठेवलं नाही, त्याची आई थेटिस त्याला ल्युकी म्हणजे पांढऱ्या बेटावर घेऊन जाते. ते बेट काळ्या समुद्रात डॅन्यूबच्या मुखासमोर आहे, युक्रेनचं स्नेक आयलंड. २०२२ च्या फेब्रुवारीत बातम्यांत रोज होतं तेच.

एरियन या ग्रीक लेखकाने रोमच्या हॅड्रियन बादशहाला काळ्या समुद्राचा वृत्तांत लिहून पाठवला त्यात याची माहिती आहे, ऐकीव म्हणूनच दिलीय. बेटावर माणूस नाही, अकिलिसचं देऊळ आहे, जुनी लाकडी मूर्ती, खलाशांनी वाहिलेल्या वाट्या, अंगठ्या. आणि झाडलोट पक्षी करतात. सकाळी समुद्रात जाऊन पंख भिजवून येतात, देवळात पाणी शिंपडतात आणि मग पंखांनी फरशी झाडतात. जवळून जाणाऱ्या खलाशांना अकिलिस स्वप्नात येऊन बोट कुठे लावायची ते सांगतो. आमच्या धंद्यात नांगर टाकायची चांगली जागा सांगणारा म्हणजे देवच, त्यामुळे हे मला अगदी पटतं.

मृण्मयी

अलेक्झांडरच्या सैन्याचा नायसाचा प्रसंग कोणीच लिहिला नाही, थोडक्यात लिहिते. मद्याचा देव डायोनायसस वाढला ते नायसा, याचे पत्ते ग्रीकांनी जागोजागी दिलेत. काबूल नदी आणि सिंधू यांच्या मधल्या मुलखात एका गावाचे लोक अलेक्झांडरकडे आले, पुढारी अकूफिस, म्हणाले आमचं गाव डायोनायससने वसवलं, पुरावा म्हणजे इथे आयव्हीची वेल उगवते आणि डोंगराचं नाव मेरोस. ग्रीकमध्ये मेरोस म्हणजे मांडी आणि डायोनायसस झ्यूसच्या मांडीत वाढला होता. आपल्या कानाला तो मेरू ऐकू येतो! घर सोडून वर्षानुवर्षं चालणाऱ्या त्या सैनिकांनी आयव्ही पाहिली आणि तिचे हार करून डोक्याला बांधले, गाणी म्हटली. इरॅटोस्थेनिसने हेही खोडून काढलंय, राजाला खूश करायला रचलं म्हणून. असेलही. पण घरची वेल दिसल्याचा आनंद रचता येत नाही.

जुनी_खापरं

मृण्मयी, +१.

वसईवाला

आमच्याकडे वैतरणा खरीच नदी आहे. त्र्यंबकच्या डोंगरात उगम, मुंबईला तिचंच पाणी जातं. रोज लोकलने तिच्या पुलावरून जाताना म्हातारी माणसं आजही नमस्कार करतात. अ‍ॅकेरॉनमध्ये राफ्टिंग वाचून तीच आठवली.

मंजिरी_क

आता मी लिहिते, इतके दिवस नुसती वाचत होते. गेल्या वर्षी आई गेली. शेवटी तिच्या तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान ठेवलं ते माझ्या हाताने. त्यानंतर काही महिन्यांनी लंडनला भावाकडे गेले असताना ब्रिटिश म्युझियममध्ये एक सोन्याचा पत्रा बघितला, बोटभर, कागदासारखा पातळ, त्यावर मुंगीएवढी अक्षरं. दक्षिण इटलीतल्या पेटेलियाचा, इ.स.पू. चौथ्या शतकातला. मेलेल्या माणसाबरोबर पुरायचा. त्यावर चक्क रस्ता लिहिलाय. हेडीसच्या, म्हणजे पाताळाच्या राजाच्या घराच्या डावीकडे झरा लागेल, शेजारी पांढरं सायप्रसचं झाड. त्या झऱ्याच्या जवळही जाऊ नकोस. पुढे दुसरं पाणी आहे, स्मृतीच्या तळ्यातून येणारं, गार. तिथे राखणदार असतील. त्यांना सांग, मी पृथ्वीचं आणि तारांकित आकाशाचं लेकरू आहे, तहानेने जीव चाललाय, मला लवकर ते पाणी द्या.

मी काचेसमोर किती वेळ उभी होते माहीत नाही. आपलं माणूस अनोळखी ठिकाणी एकटं निघालंय, तहान लागेल, चुकीच्या झऱ्याला तोंड लावेल, म्हणून कोणीतरी काळजीने चिठ्ठी लिहून बरोबर दिलीय.

अनवट_वाट

मंजिरी, मला काय लिहावं सुचत नाही. तुम्ही हे इथे लिहिलंत त्याबद्दल आभार.

सई_नि_सूत

ताई, एक विचारू? असे पत्रे आणखी सापडलेत का, आणि सगळ्यांवर डावीकडेच लिहिलंय का?

जुनी_खापरं

सापडलेत. दक्षिण इटली, थेसली, क्रीट, बऱ्याच ठिकाणी. दक्षिण इटलीतच हिप्पोनियनला १९६९ मध्ये एका बाईच्या थडग्यात मिळाला तो मोठ्या मजकुराच्या पत्र्यांत सर्वांत जुना, इ.स.पू. ४०० च्या आसपासचा, घडी घालून ठेवलेला. त्याच्यावर झरा उजवीकडे लिहिलाय. पांढरं सायप्रस तेच, राखणदार तेच, आणि त्यांना सांगायचे शब्दही जवळजवळ तेच.